दर जरिबीमागे एक कडी

मला खोटी म्हणणारा माणूस या जिल्ह्यात अजून कुणी उरला असेल, तर त्यानं खुशाल समोर यावं. मी कुठे पळून गेलेली नाही. धानोऱ्याच्या शाळेत, फळ्याच्या डाव्या अंगाला, दोन खुंट्यांवर लटकलेली आहे. मी जरीब. जमीन मोजायची लोखंडी साखळी. शंभर कड्या आणि दोन्ही टोकांना पितळेच्या मुठी, एवढाच माझा संसार. अंगावर गंज चढलाय, हे मलाही दिसतं. पण मित्रांनो, गंज अंगावर चढतो, तोंडावर नाही. तेव्हा गप बसा आणि ऐका.

माझा जन्म कोणत्या गावात झाला ते मला ठाऊक नाही. पेटीत घालून आणलं, तेव्हा आत अंधार होता. उजेड पाहिला तो चांद्याच्या मोजणी कचेरीच्या अंगणात. तिथं जमिनीत दोन दगड पुरलेले होते, एकमेकांपासून बरोबर सहासष्ट फुटांवर. मला त्या दगडांच्या मधे ताणून ठेवलं, आणि माझ्या दोन्ही मुठी दोन्ही दगडांवरच्या रेघांना अशा टेकल्या की बघणारे साहेब म्हणाले, "वाह!" त्या 'वाह'वर मी पुढची कित्येक वर्षं काढली.

माझा हिशेब सोपा आहे. माझी एक कडी म्हणजे आठ इंचांना किंचित कमी. शंभर कड्यांची मी एक. अशा ऐंशी जरिबी अंथरल्या की एक मैल. तुमच्या मास्तरांना फूट आवडतो, सुताराला गज आवडतो, मला कडी आवडते. माप कोणतंही घ्या, जमीन तेवढीच राहते. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझा माणूस म्हणजे लटारू. कचेरीतला जरीब ओढणारा, धानोऱ्याचाच. अक्षरओळख नव्हती, पण मोजणी अशी पक्की की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावी. पुढची मूठ त्याचा जोडीदार पोचू याच्या हातात, मागची लटारूच्या. मला ताणलं की पोचू पुढच्या टोकाशी लोखंडी सळई रोवायचा. तिथवर पोचलं की लटारू ती उपटून घ्यायचा. दहा सळया हातात आल्या की दहा जरिबी झाल्या. मग लटारू कमरेला बांधलेल्या पळसाच्या वाकाच्या दोरीला एक गाठ मारायचा. वाघाची डरकाळी ऐकू आली तरी आधी गाठ, मग धूम. मी स्वतः पाहिलंय.

अकरा वर्षं आम्ही रान तुडवलं. बांबूची बेटं, मुरमाड टेकड्या, धानाच्या बांध्या, काही सोडलं नाही. बांबूच्या खुंटात मी अडकायची, माझ्या कड्या वाकायच्या. लटारूला ते मुळीच खपायचं नाही. दिवस कलला की तो एखाद्या सपाट दगडावर बसायचा, हातोडी काढायचा आणि एकेक वाकडी कडी ठोकून ठोकून सरळ करायचा. वर टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावायचा. "वाकडी जरीब खोटं बोलते बाप्पा," म्हणायचा. "माही जरीब खोटं नाई बोलणार." इतकं कौतुक मला दुसऱ्या कुणी केलं नाही, हे मी आजही छाती पुढं काढून सांगते.

एकदा वडशाला सादिकमियांनी त्याला टोकलं होतं. सादिकमियां म्हणजे लोखंडाचं काम करणारा माणूस, माझी तुटलेली कडी त्यानंच बसवून दिली होती. म्हणाला, "लटारूभाऊ, इतकं ठोकत नका जाऊ. लोहा आहे तो. ठोकला का पसरते." लटारू हसला. आपल्या लेकराला आंघोळ घालू नको असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल, तसा हसला.

पण सादिकमियांचं खरं होतं. प्रत्येक ठोक्याला मी केसाएवढी लांब होत होते. पूर्वी दर हिवाळ्यात कचेरीच्या त्या दोन दगडांमधे माझी तपासणी व्हायची, लांबलेली असले की कड्या जोडणारा एखादा गोल काढून मला पुन्हा बेताची करायचे. मग कचेरीत जीप आली. जीपला शेड हवी होती. शेड बांधली ती नेमकी एका दगडाच्या डोक्यावर. तेव्हापासून मला कुणी मोजलं नाही. मी सगळ्यांना मोजत होते, मला मात्र कुणी विचारत नव्हतं. माझं ऐकणारं कुणी असतं तर तेव्हाच बोंब मारली असती!

आता खरी गोष्ट. सन त्रेपन्नच्या हिवाळ्यात आम्ही धानोऱ्याभोवती तीन रेघा मोजल्या. एक जंगलाच्या हद्दीची, एक नव्या तलावाच्या पाळीची, आणि एक रस्त्याची. पुढं त्या त्या खात्यांनी आपापल्या नव्या साखळ्या आणून तेच मोजलं, आणि पावसाळ्यात कचेरीत तीन पत्रं येऊन पडली. तिन्हींत एकच तक्रार होती, की लटारूची मोजणी कमी भरते.

चोपन्नच्या हिवाळ्यात मोजणीचे नवे साहेब गुणवंतराव धानोऱ्याच्या डाक बंगल्यात मुक्कामाला आले. त्यांनी लटारूला नि पोचूला बोलावलं. लटारूच्या खांद्यावर मी होतेच. पावसाळाभर मी त्याच्याच घरी होते.

"तीन कामं, आणि तिन्हींत जमीन कमी," साहेब म्हणाले. "एकात ऐंशी, एकात सव्वीस, एकात अजून सव्वीस. काही मेळ आहे का? जिथं थकला तिथं सळई न रोवताच पुढं सरकलास. सरळ सांग ना, मोजणी खाल्लीस."

"नाई जी साहेब," लटारू म्हणाला. "गाठी हायेत माह्याजवळ. एकही गाठ सुटली नाई."

"गाठी काय कोर्टात दाखवू मी?"

टेबलावर कागद तयारच होता. 'हयगय करून मोजणी सोडली' असं त्यावर लिहिलेलं. अंगठा दिला तर कचेरीत पाणी भरायला ठेवणार, नाही दिला तर नोकरीवरून काढणार. पोचूनं अंगठा उठवला आणि खाली मान घालून पायरीवर जाऊन बसला. मी त्याला नावं ठेवणार नाही. घरी खाणारी तोंडं सहा होती.

लटारूनं मात्र मला खांद्यावरून उतरवलं, साहेबांच्या नव्या जरिबीशेजारी व्हरांड्यात लांब पसरवलं. मी तिच्यापेक्षा आठ इंच लांब निघाले. ते बघून लटारू स्वतःच दचकला. मग म्हणाला, "बघा साहेब. ही लांबली हाय. लांब जरीब कमी भरते."

साहेब हसले. "वा रे वा! पावसाळाभर घरी होती ना ही? झाडाला बांधून ताणली असशील. मी काय आज नोकरीला लागलो का?" आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "खोटा माणूस, खोटी जरीब. चार दिवस देतो. विचार कर."

मित्रांनो, माझ्या शंभरच्या शंभर कड्या त्या दिवशी तापल्या. मी लांबलेली असेन. मी खोटी नव्हते! आणि लटारू तर मुळीच नव्हता. पण आठ इंच आज निघाले, ते त्या हिवाळ्यातही होते, हे सिद्ध कसं करायचं? गावात तर दुसऱ्याच दिवशी लटारूचं नाव पडलं, 'मोजणीखाऊ'. पारावर पाणी प्यायला बसला तर लोक गालात हसायचे. त्याचं जेवण सुटलं.

लटारूची मुलगी कमळा इथंच शाळेत बाई होती. नॉर्मल स्कूलची मास्तरकीची परीक्षा पास झालेली, जिभेची तिखट. "बाबा, अंगठा द्यायचा नाई," एवढंच तिनं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मला उचलून शाळेत घेऊन गेली. घरात ठेवली असती तर लटारू दिवसभर माझ्याकडे बघत बसला असता.

शाळेत नागपूरहून एक मासिक यायचं. त्यात आभाळाबद्दल एक लेख आला होता, तोच ती सातवीच्या मुलांना सांगणार होती. दोन दिवसांनी तिनं मला अंगणात पसरलं आणि माझ्या बाजूनं दहा मुलं ओळीनं उभी केली.

"समजा, तुम्ही एकेक तारकांचा गाव, म्हणजे दीर्घिका," ती म्हणाली. "एकेका गावात अब्जावधी तारे. आता पयला हलणार नाई. बाकी सगळ्यांनी आपल्या शेजाऱ्यापासून एक पाऊल लांब व्हायचं."

मुलं सरकली. दुसरा एक पाऊल गेला, तिसऱ्याला दोन जावं लागलं, दहाव्याला तर नऊ पावलं पळावं लागलं. एकच हशा.

"पाहा, जो जितका दूर थो तितका जास्त पळाला. दुप्पट दूर, दुप्पट पळ. आभाळातही असंच होऊन राह्यलं. ऊर फुटेस्तोवर कोणी एकटा पळत नाई, मधली जागाच ताणून राह्यली."

मग ती अंगणात आणून ठेवलेल्या फळ्याकडे वळली. अंतर एवढं मोठं की तिथं मैल पुरत नाही, म्हणून उजेडाला किती वर्षं लागतात त्यावर ते मोजायचं. उजेड एका सेकंदात एक लाख शहाऐंशी हजार मैल जातो. मासिकात लिहिलं होतं, की दहा लाख प्रकाशवर्षं दूर असलेला तारकांचा गाव सेकंदाला साधारण शंभर मैल लांब जातो.

"म्हणजे उजेडाच्या मानानं किती हळू?"

"एक हजार आठशे साठ पट!" ओळीच्या टोकावरून आवाज आला.

"बरोबर. उजेडाला तेवढं अंतर जायला दहा लाख वर्षं लागतात. याला त्याच्या एक हजार आठशे साठ पट. म्हणजे एकशे शहाऐंशी कोटी वर्षं. पाहा बरं, मैलाला मैल कटले, उरली फक्त वर्षं. जवळचा गाव घ्या का दूरचा घ्या, उत्तर तेच. इतक्या वर्षांपूर्वी सगळे एका ठिकाणी होते."

मी जमिनीवर पडल्या पडल्या ऐकत होते. आयुष्यभर मी रान मोजलं, आणि ही पोरगी मैल घेऊन त्यातून वर्षं काढत होती. मला माझाच अभिमान वाटला.

"पण गंमत ऐका," कमळा पुढं वाचू लागली. "आपल्या पृथ्वीचे दगड त्याहून म्हातारे निघाले. आईच्या आधी लेकरू कसं जन्मेल? लोक हसायला लागले. मग दोन वर्षांमागं कळलं, का ज्या ताऱ्यांवरून अंतर मोजत होते त्यांचा उजेडच समजायला चूक झाली होती. म्हणून जवळचं, दूरचं, सगळं अंतर निम्मं भरलं होतं, अन् म्हणून वयही निम्मंच. मोजणारे सरळ होते. सगळं एकाच पटीत चुकलं, म्हणजे माणूस नाई, माप..."

आणि तिथंच तिची जीभ थांबली. खडू हातात, तोंड उघडं. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"माप चुकलं," ती हळूच म्हणाली. मग मला एकदम गोळा केलं, मुलांना सुट्टी दिली आणि घराकडे अशी निघाली की पदराचंही भान नाही.

साहेबांनी दिलेल्या मुदतीचा चौथा दिवस तोच होता. लटारू डाक बंगल्यात उभा, साहेब कागद पुढं सरकवताहेत, पोचू पायरीवर. घरी बाबा सापडला नाही म्हणून कमळा धापा टाकत वर आली आणि तिनं मला लटारूच्या खांद्यावर टाकलं.

"साहेब, एकच विचारायचं हाय. ऐंशी म्हणजे ऐंशी काय? सव्वीस म्हणजे सव्वीस काय?"

"कोण तू?"

"याची पोरगी. शाळेत बाई हाय. ऐंशी काय, जी?"

गुणवंतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पत्रं उघडली. जंगलवाल्यांनी लिहिलं होतं, एका मैलात ऐंशी कड्या कमी. तलाववाल्यांनी फुटांत लिहिलं होतं, अर्ध्या मैलात सव्वीस फूट पाच इंच कमी. रस्तावाल्यांना गजाशिवाय सुचत नाही. त्यांचं, दीड मैलात सव्वीस गज आणि वर सव्वा फूट.

कमळानं परवानगी विचारली नाही. खाली बसली आणि बंगल्याच्या लाल फरशीवर खडूनं मांडायला लागली. गजाचे फूट केले, फुटाचे इंच केले, इंचाच्या कड्या केल्या. तीन ओळी झाल्या.

अर्धा मैल म्हणजे चाळीस जरिबी, कमी चाळीस कड्या. एक मैल म्हणजे ऐंशी जरिबी, कमी ऐंशी कड्या. दीड मैल म्हणजे एकशे वीस जरिबी, कमी एकशे वीस कड्या.

"मेळ नाई म्हणता ना साहेब? हा घ्या मेळ. दर जरिबीमागे एक कडी. बाबा थकून सळई सोडता, तर पुरी जरीब गेली असती, शंभर कड्या एकदम. कुठी शंभर, कुठी दोनशे. इथी तर अर्ध्या मैलात अर्धी चूक, दीड मैलात दीडपट. थकवा असा मोजून-मापून येते का? अन् एक कडी म्हणजे किती? आठ इंच. तेवढीच ही लांब हाय. हे आकडे तुमच्या पत्रातले हायेत, बाबानं घरी ताणलेले नाई."

साहेबांनी स्वतः खाली वाकून सव्वीस फुटांचा भागाकार ताडून पाहिला. मग खुर्चीत मागं रेलले आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाई, हे मी मान्य केलं तर काय होईल ठाऊक आहे? या जरिबीनं गेल्या काही वर्षांत जे जे मोजलं ते सगळं चुकलं. चाळीस मैल रेघा पुन्हा ओढाव्या लागतील. एक माणूस काढणं सोपं आहे."

त्या वाक्यावर मी मुठीपासून मुठीपर्यंत खणखणले. लटारूनं मला खांद्यावर घट्ट धरलं.

"साहेब," कमळा उभी राहिली, "ज्यांचं माप चुकलं होतं त्यांनी आख्खं आभाळ पुन्हा मोजायला काढलं. दुप्पट केलं. कोणाला नोकरीवरून काढलं नाई. तुमचे तर चाळीसच मैल हायेत."



मग लटारू बोलला. "साहेब, एक चूक माही हाय. थे मी सांगतो. मी हिले रोज ठोकून सरळ केली. ठोकल्यानं लांबली. सादिकमियांनं सांगतलं होतं, मी आयकलं नाई. थे लिहा, मी अंगठा देतो. पण मोजणी मी खाल्ली नाई."

गुणवंतरावांनी कोरा कागद घेतला. लिहिलं, आणि कमळानं मोठ्यानं वाचलं: 'जरीब ठोकून लांबली, त्यामुळे मोजणी कमी भरली.' शाईची डबी पुढं आली. लटारूनं हात मागं घेतला.

"अर्धंच हाय, जी. तपासणी काऊन नाई झाली थेबी लिहा. दगडावर शेड कोणी बांधली?"

साहेबांचे कान लाल झाले. अखेर त्यांनी लिहिलं: 'कचेरीने जरिबीची तपासणी केली नाही.' कमळानं तेही वाचलं.

तरी लटारूनं अंगठा बुडवला नाही.

"आता काय राहिलं?" साहेब ओरडले.

"पयले पोचूचा कागद फाडा."

पायरीवर बसलेला पोचू तेव्हा तोंड झाकून रडायला लागला. साहेबांनी कागद शोधला, दोनदा फाडला, आणि मग लटारूचा अंगठा उठला. काय ठसठशीत उठला म्हणून सांगू!

चाळीस मैल पुन्हा मोजायला तीन हिवाळे लागले. मोजले लटारूनं आणि पोचूनंच, नव्या जरिबीनं. मुक्काम कुठेही पडो, गुणवंतराव आधी दोन खुंट्या ठोकायला लावायचे, आणि रोज सकाळी जरीब त्यांच्यामधे ताणून बघायचे. लटारूनं हातोडी मात्र घरी ठेवून दिली. मला भंगारात काढलं तेव्हा कमळानं अर्ज करून मला शाळेत आणलं. पुढं अठ्ठावन्न साली दशमान मापं आली, मीटर आला. पोरं मला बघून विचारतात, "बाई, हे काय हाय?" त्याच सुमारास मासिकात असंही आलं, की आभाळाचं अंतर पुन्हा कमीच धरलं होतं, पसारा आणखी मोठा निघाला. कमळाबाईनं जुना आकडा पुसला, नवा लिहिला. कुणाचं नाक कापलं गेलं नाही.

मला नवं तेल नको, मित्रांनो. मला चकचकीत करून फुलंही वाहू नका. वर्षातून एकदा अंगणात पसरा आणि दोन खुंट्यांमधे मोजा. माझे आठ इंच तुम्हाला ठाऊक असले, की माझ्यावरून तुम्ही अजूनही हद्द ठरवू शकता. आणि उद्या तुमच्यातलं कुणी साहेब झालं, खुर्चीवर बसलं, आणि समोर एखादा लटारू उभा राहिला की ज्याचं मोजणं कमी भरलंय, तर त्याच्या तोंडाकडे डोळे वटारून बघू नका. आपण त्याच्या हातात काय दिलं होतं, ते आधी मोजा.